भरवशाची गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझं गॅरेज नांदेड-लातूर रस्त्यावर, अहमदपूरच्या अलीकडे आहे. तीस वर्षांहून जास्त काळ मी सात-आठ माणसं बसतील अशा गाड्या खोलतो आणि जोडतो. एवढ्या काळात गिऱ्हाइकं बदलली, गाड्या बदलल्या, रस्ताही बदलला; पण एक वाक्य काही बदललं नाही. "मिस्त्री, दोन पैसे जास्त गेले तर जाऊ द्या, गाडी मात्र भरवशाची बघा." हे म्हणताना माणूस बोट दाखवतो ते इंजिनाकडे. बॉनेट उघडतो, ऑइलची पट्टी काढून बघतो, गाडी चालू करून धूर बघतो. खाली वाकून चाकं बघणारा, स्टिअरिंग किती ढिलं आहे ते हलवून बघणारा गिऱ्हाईक क्वचितच भेटतो. गाडी वाटेत बंद पडणार नाही, हा आपला भरवसा. ती वळणावर कशी वळेल आणि समोर म्हैस आली तर कुठे थांबेल, याचा हिशोब आपण करतच नाही. मला आज बोलायचं आहे ते त्या हिशोबाबद्दल.

शहरातली मंडळी या गाड्यांना मिनीव्हॅन म्हणतात, जाहिरातीत एमपीव्ही म्हणतात. आमच्याकडे ती 'मोठी गाडी'. मी हाताखाली काम शिकत होतो तेव्हा एसटीनंतर माणसं वाहायची ती महिंद्राच्या लांब जीपनं, नाहीतर बजाज टेम्पोच्या ट्रॅक्सनं आणि मॅटाडोरनं. मॅटाडोर हा शब्द तर असा रुजला की ती गाडी बनायची बंद झाली तरी लोक कुठल्याही लहान टेम्पोला मॅटाडोरच म्हणत राहिले. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली; ओम्नी हे नाव तिला नंतर मिळालं. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. या सुमोचा जपानी पैलवानाशी काही संबंध नाही बरं का. सुमंत मुळगावकर हे टेल्कोचे मोठे धुरीण, त्यांच्या नाव-आडनावातली सुरुवातीची अक्षरं जोडून ते नाव झालं. २००० साली क्वालिस आणि बोलेरो, २००४ मध्ये टवेरा, २००५ मध्ये इनोव्हा, २०१० मध्ये ईको आणि २०१२ मध्ये एर्टिगा. यांतल्या बऱ्याच गाड्या आता बनत नाहीत. क्वालिस इनोव्हा येताच गेली, टवेरा २०१७ मध्ये कंपनीनं भारतात गाड्या विकणंच थांबवल्यामुळे गेली, ओम्नी आणि सुमो २०१९ मध्ये. पण बनत नाहीत म्हणजे रस्त्यावर नाहीत, असं मराठवाड्यात होत नाही. एमएच २४ आणि एमएच २६ पाट्यांच्या जुन्या सुमो आजही लग्नसराईत वऱ्हाड घेऊन निघतात.

आता जुना रस्ता आठवा. नांदेडहून लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करत लातूर. सुमारे १४० किलोमीटर अंतर आणि खाली सगळी काळी माती. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर केलेला डांबरी रस्ता दरवर्षी थोडा उठतो, थोडा बसतो. वरून बघाल तर खड्डा नाही, पण गाडी होडीसारखी डुलते. कडेची साइडपट्टी डांबरापासून वीतभर खाली गेलेली. समोरून ट्रक आला की एक चाक खाली उतरवायचं आणि पुन्हा वर चढवायचं. अशा रस्त्यावर पन्नासच्या वर काटा नेणं म्हणजे गाडीची आणि कंबरेची, दोन्हींची मोडतोड.

त्या रस्त्याला जुन्या गाड्या शोभायच्या. खाली लोखंडी चॅसीची शिडी, तिच्यावर वेगळी बसवलेली बॉडी, मागे बैलगाडीच्या काळापासून ओळखीचे वाटावेत असे पाटे. पाटा तुटला तर चाकूरला किंवा लोह्याला मिळायचा; नाही मिळाला तर लाकडाची ठोकळी घालून, तार आवळून गाडी घरी यायची. डिझेल इंजिनात पंप आणि नोझल, बस्स. वीज लागायची ती स्टार्टरला आणि दिव्यांना. बॅटरी बसली तर चार जण धक्का मारायचे. डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ सर्रास होती त्या काळात. गाडी काळा धूर सोडायची, खोकायची, पण चालायची. क्वालिसचं २४४६ सीसीचं इंजिन टर्बोशिवायचं, ताकद फक्त ७५ अश्वशक्तीची. एवढ्या मोठ्या इंजिनाकडून एवढंच काम घ्यायचं म्हटल्यावर ते थकणार कशाला? त्या इंजिनांनी लाखांनी किलोमीटर काढले, ते यामुळेच.

म्हणजे जुन्या गाडीचा भरवसा हा खरा तर दुरुस्तीचा भरवसा होता. ती बंद पडायचीच; पण जिथे पडायची तिथेच उठायची. दर दहा-वीस किलोमीटरवर माझ्यासारखा एक मिस्त्री बसलेला आणि त्याच्याकडे पाने, जॅक आणि हातोडा असला की पुरे. नवी गाडी याच्या उलट. ती पाच-पाच वर्षं बॉनेट उघडू देत नाही, आणि ज्या दिवशी पडते त्या दिवशी माझे पाने काही कामाचे नसतात.

हा झाला इंजिनाचा भाग. आता चाकांकडे येऊ.

गाडी वळणावर किती सरळ राहील, हे ओळखायला एक साधी युक्ती मी पोरांना सांगतो. गाडीची उंची आणि रुंदी बघा. घागर आणि परात शेजारी ठेवून धक्का दिला तर काय होतं, ते प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे. ओम्नीची रुंदी १४१० मिलिमीटर, उंची १६४०. म्हणजे रुंदीपेक्षा उंची २३ सेंटिमीटरनं जास्त. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फक्त १८४० मिलिमीटर, इंजिन पुढच्या सीटखाली आणि टायर बारा इंची. गाडीचं स्वतःचं वजन आठशे किलोच्या आसपास. तिच्यात आठ मोठी माणसं बसली तर साडेचारशे-पाचशे किलो भरतात, म्हणजे गाडीच्या निम्म्याहून जास्त बोजा, तोही चाकांच्या वर, उंचावर. बाजूनं ट्रक गेला की ओम्नी हेलकावते, ती काही ड्रायव्हरच्या हाताची चूक नसते. गाडीची ठेवणच तशी आहे.

तरीही ओम्नीला नावं ठेवताना माझी जीभ जड होते. गल्लीबोळात तिच्यासारखी वळणारी गाडी दुसरी नव्हती. सरकतं दार असल्यामुळे बाजारात, दवाखान्याच्या दारात, कुठेही दार उघडायला जागा लागायची नाही. या भागातल्या किती पेशंटना तिनं सरकारी दवाखान्यात वेळेवर पोचवलं, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. ती शहरातल्या तीस-चाळीसच्या वेगाची गाडी होती आणि तिथे ती उत्तम होती. वाईट केलं ते आपण. शाळेच्या लेकरांनी ती खच्चून भरली, मागच्या सीटखाली घरगुती गॅसची टाकी बसवली, स्वयंपाकघरातला रेग्युलेटर लावला. नांदेडला उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, इंजिन सीटखाली तापलेलं, आणि त्याच्या मागे ती टाकी. असली जोडणी सोडवून द्या म्हणून माझ्याकडे गाडी आली तर सोडवून दिली. बसवून द्या म्हणणाऱ्याला मात्र चहा पाजून परत पाठवलं.

ओम्नीच्या जागी ईको आली तेव्हा लोक म्हणाले, आता प्रश्न मिटला. इंजिन १२०० सीसीचं, ताकद दुपटीहून जास्त, मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग, आणि दोन चाकांमधलं अंतर ओम्नीपेक्षा तब्बल ५१ सेंटिमीटरनं जास्त. या लांबीचा फायदा चालवताना लगेच कळतो. खड्ड्यातून जाताना गाडी घोड्यासारखी पुढे-मागे उडत नाही. पण माझी घागरीची युक्ती लावून बघा. रुंदी १४७५, उंची १८०० किंवा त्याहून थोडी जास्त. म्हणजे उंची आणि रुंदीतला फरक ओम्नीपेक्षाही वाढला! इंजिनात दम आल्यामुळे ती सहज नव्वदला जाते आणि बाजूच्या वाऱ्यात तितकीच हलते. ओम्नीला नव्वद गाठता गाठता धाप लागायची, ही एका परीनं तिची सुरक्षितताच होती.

सुमो, बोलेरो, ट्रॅक्स क्रुझर यांचं वेगळं. यांचं वजन आहे, चॅसी मजबूत आहे, पण उंचीही आहे. सुमोची उंची रुंदीपेक्षा वीतभर जास्त. मागे पाटे. पाट्यांचा गुण असा की बोजा पडला की ते नीट बसतात. रिकाम्या गाडीत ते कडक राहतात आणि खडबडीत वळणावर मागचा भाग टुण्णकन बाजूला सरकतो. म्हणून जुने ड्रायव्हर म्हणायचे, सुमो भरलेलीच बरी चालते. मग भरायची म्हणजे किती, याला काही धरबंध राहिला नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला मी एकेका काळ्या-पिवळीत पंधरा-पंधरा माणसं मोजली आहेत, वर टपावर गाठोडी वेगळी. टपावर ठेवलेल्या एका पोत्यानं गाडीचा तोल जितका बिघडतो तितका आत ठेवलेल्या दोन पोत्यांनी बिघडत नाही. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्यांना धरायला फक्त एकमेकांचे खांदे.

इनोव्हा आली तेव्हा मी पहिल्यांदा एक मोठी गाडी अशी चालवून बघितली की जी मोठी असल्याचं हाताला जाणवेना. चॅसीची शिडी तीच, चालवणारी चाकं मागचीच, पण मागे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आली होती आणि रुंदी-उंची जवळपास सारखी झाली होती. शिवाय इंजिन १०२ अश्वशक्तीचं. एर्टिगा तर रुंदीला उंचीपेक्षा किंचित जास्तच. म्हणजे घागरीची परात झाली. तिला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा, आणि चालवणारी चाकं पुढची. लातूरच्या बाह्यवळणावर ती गाडी कारसारखी वळते, कारण ती मुळात कारच आहे.

पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तिसऱ्या रांगेत तिघं बसवले आणि त्यांच्या मागे दोन पोती टाकली की मागचा भाग दबतो, पुढचा उचलला जातो. जी चाकं ओढणार तीच हलकी होतात. डांबरी रस्त्यावर फार कळत नाही. पण पावसाळ्यात मुख्य रस्ता सोडून गावाकडे वळलात आणि काळ्या मातीचा चिखल लागला की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. अशा वेळी जुनी सुमो शेजारून गुरगुरत निघून जाते आणि तिचा ड्रायव्हर मिशीत हसतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बोजा चाकांवरच पडतो, म्हणून ती चिखलात आणि चढावर रेटते. दोन्ही खरं आहे. तुमच्या घरापासून डांबर किती लांब आहे, यावर उत्तर ठरतं.

चढाचं निघालं म्हणून माहूरची गोष्ट. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतली माणसं नवी गाडी घेतली की रेणुकामातेच्या पायाशी नेतात. चढताना सगळ्या गाड्या चढतात. प्रश्न उतरताना येतो. जुन्या जीप-ट्रॅक्सच्या ड्रायव्हरांना एक सवय होती, उताराला गाडी न्यूट्रल करून, कधी तर चावी बंद करून सोडायची. डिझेल वाचतं म्हणायचे. तीच सवय घेऊन माणूस नव्या गाडीत बसला तर ती घातक आहे. नव्या गाडीचा ब्रेक हलका लागतो तो इंजिन चालू असतं म्हणून. इंजिन बंद केलं की दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंत ठीक, मग ते दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. आणि डिझेल-पेट्रोल वाचण्याचं म्हणाल, तर नव्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की कॉम्प्युटर इंधन आपोआप बंद करतो; उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं जाळावं लागतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुनं शहाणपण नव्या गाडीलाही लागू आहे. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं, आणि सतत ब्रेक दाबून ते तापलं की त्या पाण्याची वाफ होते. मग पेडल सरळ खाली जातं. दर दोन वर्षांनी हे तेल बदलायचं असतं. पण दहा-दहा वर्षं तेच तेल असलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, इंजिन ऑइल मात्र वेळेवर बदललेलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण तो या रस्त्याचाच आहे. नांदेड-लातूर हा आता तुळजापूरहून नागपूरच्या दिशेनं जाणाऱ्या ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग झाला आणि त्याचं चौपदरीकरण झालं. चांगलं झालं, मी त्याच रस्त्यावर पोट भरतो. पण रस्ता बदलला आणि गाडी तीच राहिली, असं फार घरांत झालं आहे. जी सुमो वीस वर्षं पन्नासच्या वेगानं इमानदारीत चालली, ती आता नव्वदनं धावते. मालक म्हणतो, बघा, जुनी असून कशी पळते! ती पळते हो. पळवायला इंजिन आहेच. थांबवायला काय आहे? वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. कोरड्या चांगल्या रस्त्यावर पन्नासला जर पंधरा मीटर लागत असतील, तर शंभरला साठ. त्यात डोक्यानं धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरा. शंभरच्या वेगाला त्या एका सेकंदात गाडी अठ्ठावीस मीटर पुढे गेलेली असते. चौपदरी रस्त्यावर दुभाजकातून म्हैस येते, उलट्या दिशेनं ट्रॅक्टर येतो, उसाची ट्रॉली मागे दिवा न लावता उभी असते. रस्ता नवा आहे, त्यावरचं आपलं वागणं जुनंच.

जुन्या गाडीत अशा वेळी जीव खाऊन ब्रेक दाबला की चाकं जाम होतात आणि जाम झालेलं चाक वळत नाही. स्टिअरिंग फिरवा नाहीतर नका फिरवू, गाडी सरळ घसरत जाते. हे टाळणारी यंत्रणा म्हणजे एबीएस. चाक जाम व्हायला लागलं की ती ब्रेक क्षणभर सोडते, पुन्हा धरते, सेकंदाला अनेक वेळा. पेडलखाली पायाला थरथर लागते; ती लागली की घाबरून पाय उचलायचा नाही, दाबून ठेवायचा आणि गाडी वळवायची. एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी कारना एबीएस आणि जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. ओम्नी बंद झाली तीसुद्धा सुरक्षेच्या नव्या नियमांत बसणं तिला शक्य नव्हतं म्हणून. ड्रायव्हरच्या गुडघ्यापुढे पत्रा आणि दिवा, याशिवाय तिच्यात होतं काय? तेव्हा जुनी गाडी घेताना 'मॉडेल कितीचं' हे विचारता, त्याबरोबर 'एबीएस आहे का' हे विचारा. इनोव्हासारख्या चांगल्या गाडीच्याही सुरुवातीच्या स्वस्त प्रकारांत ते नव्हतं.

नवं म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही मी म्हणणार नाही. ग्लोबल एनकॅप नावाची संस्था गाड्या भिंतीवर आदळून तारे देते. २०१६ मध्ये त्यांनी ईकोला शून्य तारे दिले. एर्टिगाला २०१९ मध्ये तीन मिळाले, आणि २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या विक्रीसाठीच्या, पण आपल्याकडेच बनलेल्या एर्टिगाला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एकच. चाचणीचे निकष मधल्या काळात कडक झाले, हे त्याचं एक कारण. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं आहे. गाडी घेताना शोरूममध्ये तारे विचारायला लाजू नका.

नव्या गाडीचे हाल मी बघतो ते वेगळ्याच ठिकाणी. गावाकडे गाडी उभी करायची जागा म्हणजे गोठ्याशेजारी, कडब्याच्या गंजीला लागून. तिथे उंदीर. थंडीच्या रात्री उंदीर गरम इंजिनाखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. जुन्या सुमोत ते कुरतडायला वायरी होत्याच किती! नव्या गाडीत एक बारीक वायर तुटली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी रुसते. पाय कितीही दाबा, ती बैलाच्या चालीनं चालते. स्कॅनर लावल्याशिवाय कारण कळत नाही. मी पोराच्या हट्टानं स्कॅनर घेतला आणि पोरगाच तो चालवतो. पण रात्री अकराला लोह्याच्या पुढे गाडी रुसली तर स्कॅनर कुठून आणायचा? नवीन डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून अर्धा-पाऊण तास सलग, वेगानं चालावी लागते. घर ते शेत आणि शेत ते घर एवढंच चालवणाऱ्यानं अशी डिझेल गाडी घेऊ नये. गाळणी तुंबते आणि खर्च खिशाला झेपत नाही. कॉमन रेल इंजिनांना भेसळीचं डिझेल चालत नाही, हे तर आता सगळ्यांना ठेच लागून कळलं आहे.

मध्यंतरी लोहा तालुक्यातले दोघे भाऊ गॅरेजवर आले. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नांदेडला न्यावं लागतं. भाड्याची गाडी परवडेना, म्हणून स्वतःची सेकंडहँड घ्यायची ठरवली. थोरल्याच्या मनात एक सुमो भरलेली. "मामा, लोखंड बघा की कसलं हाय! हिला काय होतंय?" धाकट्यानं नांदेडमध्ये २०१९ची पेट्रोल एर्टिगा पाहून ठेवलेली. थोरल्याचं म्हणणं, तिचा पत्रा बोटानं दबतो.

पत्र्याचं सांगतो. जाड लोखंडानं गाडी वाचते, आतला माणूस वाचेलच असं नाही. धडकेचा धक्का कुणीतरी खाल्ला पाहिजे. गाडीचा पुढचा भाग चुरगळून तो खात असेल तर माणसापर्यंत कमी पोचतो. काहीच चुरगळलं नाही तर सगळा धक्का बरगड्यांना बसतो. हे मी थोरल्याला सांगितलं, त्याला ते फारसं पटलं नाही. मग मी म्हटलं, आईला घेऊन या आणि दोन्ही गाड्यांत बसवून बघा.

सुमोच्या पायरीवर त्या माउलीचा पाय चढेना. गुडघे गेलेले, हाताला सुई टोचून टोचून सूज. दोघा भावांनी दोन्हीकडून उचलून बसवलं. एर्टिगाच्या मधल्या सीटवर ती स्वतः, दाराला धरून बसली. तिथेच निकाल लागला. माझं मत विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं. सगळा प्रवास चौपदरी रस्त्याचा, परतीला अंधार, त्यात एबीएस आणि दोन एअरबॅगा असलेली, बसकी गाडी हवी. घराजवळचे शेवटचे तीन-चार किलोमीटर कच्चे आहेत, तिथे पावसाळ्यात ती अडेल, हेही सांगितलं. थोरल्यानं विचारलं, मग खताची पोती? म्हटलं, पोत्यांसाठी ट्रॅक्टर आहे की तुमचा.

गाडी घेण्याआधी मी ती खाली झोपून पाहिली. बॉल जॉइंट चांगले होते, मागचे शॉकअप गळत होते, ते बदलले. ब्रेकचं तेल काळं पडलेलं, तेही बदललं. टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती आणि धाकटा त्यावर खूश होता. मी त्याला टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायला लावले: ३२१९. म्हणजे २०१९ सालातला बत्तिसावा आठवडा. गाडी कमी फिरलेली, म्हणून नक्षी राहिली. पण रबर आपल्याकडच्या उन्हात इतके उन्हाळे काढून कडक झालेलं, नखानं खरवडलं तर बारीक भेगा दिसतात. असा टायर भरल्या गाडीनिशी नव्वदच्या वेगात आणि मे महिन्याच्या दुपारी कधी फुटेल, सांगता येत नाही. हवेचा दाबही भरल्या गाडीला किती, रिकाम्या गाडीला किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. पंपावरच्या पोराला 'टाक तीस' म्हणण्याआधी ते वाचायचं असतं.

धाकटा म्हणाला, एकदम चार टायर म्हणजे फार होतात, दोन आत्ता बदलू का? म्हटलं, बदल, पण दोनच बदलणार असशील तर नवे मागे टाक. गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून लोक नवे पुढे टाकतात, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटून गाडी गर्रकन फिरते. त्यानं दोन मागे टाकले. सोयाबीनचे पैसे आले की पुढचे दोन आणि स्टेपनीचा एक बदलायला येतो, असं सांगून गेला आहे. तोपर्यंत सत्तरच्या वर काटा न्यायचा नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तेही त्याच्या आईच्या देखत.